हावड्याची बाटली

वनाच्या बांधावर मोहाचं एक जुनं झाड होतं आणि त्या झाडाखाली दोघांची जागा होती. एक वनाची, दुसरी सुकदेवची. सुकदेवला गाव सोडून कैक वर्षं झाली, तरी त्याच्या जागेवर वना कुणाला टेकू द्यायचा नाही. पाहुणा असो की सोयरा असो, "जरा तिकडे सरक भाऊ, तिथं दगड टोचतो," म्हणून उठवायचाच. तिथं दगडबिगड काही नव्हता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण वनापुढं बोलायची टाप कुणाची?

कारण गडी तिरसट. पिंपळनेरच्या पुढं, डोंगराला हात लावता येईल इतक्या जवळ त्याची जमीन. बाजरी, थोडी नागली, बांधाला उडीद. लेकी नांदायला गेलेल्या, घरात तो आणि यशोदाबाई. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण मोहाची दारू काढावी तर वनानंच, हे साक्रीपर्यंत सगळे कबूल करायचे. आयुष्यात कधी थेंबाला शिवलो नाही म्हणून शपथा घेणारेही कबूल करायचे, आता बोला! कायद्याला हे मंजूर नव्हतं, ते खरंच. पण कायदा निघायचा मुंबईहून, आणि आमच्या डोंगरापर्यंत येता येता बिचारा दमून जायचा. शिवाय वना विकत कुठं होता? होळीला, लग्नाला, मयताच्या दिवसाला, घरापुरती काढायची, बस.

चैत्राच्या तोंडावर पहाटे फुलं टपटप पडायची. यशोदाबाई ती वेचून खळ्यात वाळवायची. मग वना ती मडक्यात भिजत घालायचा, आंबू द्यायचा. कधी चुलीवर चढवायचं ते तो मडक्याला कान लावून ठरवायचा. आत बारीक आवाज चाललेला असायचा, तो थांबत आला की म्हणायचा, "व्हयनं." म्हणजे झालं. मडक्यावर मडकं, मधे बांबूची नळी, वर ओल्या फडक्याचा गारवा, आणि नळीच्या टोकाला थेंब. पहिली जी धार येते ती पाण्यासारखी नितळ. काडी लावली तर निळी पेटते. त्यानंतरची मग उतरत जाते.

ही पहिल्या धारेची म्हणजे वनाच्या घरी देवाचीच गोष्ट. त्याच्या मामानं त्याला विद्या दिली तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली धार विकायची नाही, आणि ती एकट्यानं प्यायची नाही. आधी थेंबभर धरतरीला, मग अर्धी तू, अर्धी तुझ्या जोडीदारानं. जोडीदारही रोज नवा चालत नाही. एकदा ज्याच्याबरोबर वाटून घेतली, तोच जन्माचा. मिसरूड फुटलं त्या वर्षी वनानं ती सुकदेवबरोबर वाटून घेतली होती. झालं, जोडी ठरली. यशोदाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून म्हणायची, "माले सवत राहती ते परवडती. हाऊ सुकदेव नही परवडस."

सुकदेवला जमीन नावापुरती. भावांच्या वाटण्यांत तीही गेली. तो धुळ्याला एका डाळमिलीत लागला, तिथं बॉयलरचं काम शिकला, आणि ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास एका ठेकेदारानं त्याला हावड्याच्या मिलीत नेलं. वना त्याला पोचवायला जळगावच्या स्टेशनापर्यंत गेला. गाडी हलली तसा सुकदेव दारात लटकून ओरडला, "पुढला मोहले येसू रे!"

पुढचा मोह पडला. सुकदेव आला नाही.

धार मात्र आली. वना ती वाटीभर धार हातात घेऊन झाडाखाली बसला. धरतरीला थेंब दिला. मग काय करावं ते त्याला कळेना. एकट्यानं प्यायची नाही, विकायची नाही, ओतून द्यायला तर हात धजेना. शेजारचा उखर्डू आबा घसा खाकरून दोनदा बांधावरून गेला, पण वनानं मान वर केली नाही. शेवटी त्यानं घरातून सरबताची एक जाड काचेची बाटली आणली, तीत ती ओतली आणि यशोदाबाईला म्हणाला, "ही हावडाले जाई."

"पाये पाये जाई का?" यशोदाबाईनं विचारलं.

पण वनाचं डोकं चाललं होतं. धुळ्याचा मगन ड्रायव्हर दोंडाईच्याची मिरची घेऊन कलकत्त्याला जायचा. मिरचीच्या पोत्यांपुढं कोणत्या नाक्यावरचा शिपाई नाक खुपसणार? यशोदाबाईनं कुरकुर करत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून दिलं. पत्र्याच्या डब्यात बाटली आडवी घातली, वरून पीठ दाबून भरलं, आणि डबा मगनच्या हवाली केला. तेवढीच सुकदेवला आपल्याकडची भाकरी.

मगन हसून हसून लाल. "वना नाना, तुम्ही बी कमाल करता. वाटेत रायपूर, संबलपूर, सगळीकडं मोहच मोह. तिथली एक बाटली नेऊन देतो की सुकदेवभाऊंना. काय फरक पडतो?"

वनानं त्याच्याकडे असं पाहिलं की मगननं डबा निमूट उचलला.

त्या पहिल्या खेपेचा पार बोजवारा उडाला. वनानं बूच म्हणून मक्याच्या कणसाचा बुरकुंडा ठोकला होता. नागपूर येईतो ती सगळी पाझरली, पिठाचा गोळा झाला, आणि डबा केबिनमध्ये इंजिनाशेजारी असल्यानं सगळी गाडी अशी दरवळली, की एका नाक्यावर मगनला तोंडाचा वास देऊन देऊन सुटका करून घ्यावी लागली. परत आल्यावर तो हात जोडून म्हणाला, "नाना, पुन्हा सांगू नका."

वनानं ते मनाला लावून घेतलं. वर्षभर त्याच्या डोक्यात ते बूचच. दुसऱ्या वर्षी त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापली, बुरकुंड्याभोवती घट्ट गुंडाळली, बाटलीच्या तोंडात ठोकून बसवली आणि वरून तार आवळली. बाटली उलटी धरून गावभर दाखवली. थेंब नाही! मगनचा नाइलाज झाला. तो बाटली घेऊन गेला, आणि महिन्याभरानं रिकामी घेऊन आला. धुऊन स्वच्छ, सोबत खजुराच्या गुळाची ढेप.

"काय म्हणाला?" वनानं विचारलं. विचारताना बैलाच्या मानेवरून हात फिरवत होता, जसं काही फारसं महत्त्वाचं नाही.

"काही नाही. एक घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, वनाले सांग, पोचनी."

"बस?"

"बस. आणि पुढल्या मोहाला येतो म्हणाले."

वना त्या दिवशी यशोदाबाईशी आपण होऊन बोलला. पोचनी, म्हणे! डोळे मिटले, म्हणे! ते ऐकून तिचाही जीव थोडा हलला असावा, कारण पुढच्या वर्षी पीठ तिनं न सांगता दळलं.

मग हेच चाललं. फुलं पडायची, धार यायची, धरतरीचा थेंब व्हायचा आणि उरलेली सगळी हावड्याला जायची. घरात त्या बाटलीला नावच पडलं, हावड्याची बाटली. वना स्वतः दुसऱ्या-तिसऱ्या धारेची प्यायचा. पहिल्या धारेची चव त्याच्या तोंडाला सुकदेव गेल्यापासून लागली नव्हती. उखर्डू आबानं एकदा समजावून पाहिलं, "अरे, तो काय आता येतो! तिकडचा झाला. बायको तिकडची केली म्हणतात, पोरं बंगालीत रडत असतील." वना म्हणाला, "रडू दे. जीभ ते आपलीच शे ना?"

त्याचा सगळा भरवसा त्या जिभेवर. सुकदेव दर वर्षी पुढल्या मोहाचा वायदा करायचा आणि दर वर्षी चुकवायचा. कधी बॉयलर बंद ठेवता येत नाही, कधी बायको बाळंतीण, कधी नुसतंच "जमनं नही". वनाला राग यायचा, दोन दिवस तो झाडाकडे फिरकायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी सुकदेवची जागा झाडून काढायचा. झाडाच्या पलीकडचा जमिनीचा तुकडा त्यानं पेरायचा सोडला होता. दगड वेचून सपाट केला होता. कशाला, ते सांगत नव्हता, पण यशोदाबाईला कळत होतं. सुकदेवच्या खोलीसाठी. वनानं मनाशी पक्कं धरलं होतं की एकदा हा इथं, या झाडाखाली, नळीतून पडलेली ताजी धार जिभेवर घेईल, आणि मग कसला बॉयलर आणि कसला हावडा! उठणारच नाही तो. मग बायकोपोरांना बोलावून घेईल. वनाला खरंच इतकं सोपं वाटत होतं.

आणि त्र्याण्णव साली सुकदेव आला.

मगनच्याच ट्रकमधून उतरला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, खांद्यावर लाल काठाचा पंचा. वना बांधावर उभा होता. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सुकदेव म्हणाला, "म्हातारा व्हई गया रे." वना म्हणाला, "तू आरसामा देखं का?" आणि मग दोघं गळ्यात पडून असे रडले की यशोदाबाई पदर डोळ्यांना लावून आत पळाली.

भट्टी लागलीच होती. वनानं तो येणार म्हणून दिवस जुळवून आणले होते. ऊन कलायला आलं तेव्हा पहिली धार पडली. वनानं वाटी धरली, वाटीत काडी लावून निळा जाळ दाखवला, विझवला. दोघं आपापल्या जागी बसले. सुकदेवनं बसण्याआधी जमिनीवरून हात फिरवला. वनानं धरतरीला थेंब दिला आणि वाटी सुकदेवपुढं केली. इतक्या वर्षांनी आता ती त्यालाही प्यायला मिळणार होती, पण आधी पाहुण्यानं.

सुकदेवनं घोट घेतला. डोळे मिटले. वना त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

सुकदेवनं डोळे उघडले, वाटीत पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग हळूच म्हणाला, "चांगली शे."

"चांगली शे?" वनाचा आवाज चढला. "नुसती चांगली?"

"चांगली शे रे. पन..." सुकदेव ओशाळला. "तू धाडे ती कोठे शे?"

"हीच ती!"

"नही वना. ही ती नही."

आता या माणसाला काय म्हणावं? वनानं वाटी हिसकून घेतली आणि घोट घेतला. नितळ, फुलाच्या वासाची, घशातून सरळ उतरत गेली. मामाच्या हातची होती तशी, तंतोतंत. "हावडानं पानी पिईसन तुन्ही जीभ मरी गयी," तो ओरडला. "आठे बसीसन माले सांगस, ही ती नही!" सुकदेवनं पिशवी ओढली, कपड्यांच्या घडीतून सरबताची ती जाड बाटली काढली. गेल्या वर्षीची. तळाशी दोन घोट राखलेले, पिवळट पडलेले. ट्यूबचं बूच त्याच तारेनं परत आवळलेलं.

"ही देख," तो म्हणाला. "ही ती."

वनानं ती तोंडाला लावली आणि पिचकन थुंकला. थू! सडकं रबर नि काय! पंक्चरवाल्याच्या दुकानातलं पाणी प्यावं तसं. आठ-दहा दिवस इंजिनाच्या धगीला बाटली आडवी, आतली ती कडक धार ट्यूबला चाटत राहिलेली. दुसरं होणार काय? आणि वनाला कळणार कसं? पहिल्या धारेची एकट्यानं प्यायची नाही म्हणून त्यानं भरताना कधी बोट बुडवून चाटलंही नव्हतं.

"अरे माय," त्याच्या तोंडून एवढंच निघालं. मग, "अरे, ही ते ट्यूब शे! इतला वरीस तू हाई पिधी? आनि बोलना काबरं नही?"

सुकदेव झाडाच्या बुंध्याला टेकला. "पयलांदाव मी भी थुकी दिन्ही," तो म्हणाला. पहिल्या वेळी मगनसमोरचा घोट कसाबसा गिळला, तो गेल्यावर दुसरा थुंकलोच. मग बसून राहिलो. मनात आलं, वना कधी खराब काढणार नाही. त्याची धार बिघडेल कशी? म्हणजे बिघडली ती माझीच जीभ. तिकडचा भात खाऊन खाऊन मी तिकडचा झालो, आणि आपल्या गावची आता मला गोड लागत नाही. कुणाला सांगणार हे? मगनला कसं सांगणार, की वनाला सांग, तुझी मला चालत नाही आता?

"म्हनीसन येवानं टाळं," सुकदेव म्हणाला. "कोनता तोंडे येऊ? तू वाटी पुढे करशी आनि मी थुकसू?"

वनानं हातातली बाटली खाली ठेवली.

सुकदेव सांगत राहिला. दर वर्षी बाटली यायची, दर वर्षी तो जिभेला लावायचा. बळेच. जीभ घरी परत यायला हवी म्हणून. पाचव्या-सहाव्या वर्षी ती यायला लागली. मग तर बाटली परत न धाडता ठेवून घ्यायचा, कामावरून आला की बूच काढून नुसता वास घ्यायचा, आणि त्याला हा बांध दिसायचा, हे झाड, बैलाची मान, सगळं. गेल्या वर्षी घोट घेतला तेव्हा त्याला पक्कं वाटलं, आता आपण पुन्हा गावचे झालो. आता जायला हरकत नाही. म्हणून तर आला. "आते माले तीच गोड लागस," तो म्हणाला आणि हसायला गेला. हसताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

इतकी वर्षं! वना झाडाखाली जागा झाडत होता, वाट पाहत होता, आणि वाट अडवली होती ती त्यानंच, स्वतःच्या हातानं, ट्यूबचा तुकडा गुंडाळून तार आवळून. त्याला वाटलं, कपाळ फोडून घ्यावं. त्यानं सुकदेवचा हात धरला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. सुकदेव त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "जाऊ दे रे. पोचनी ना? पोचनी ते शे." यशोदाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं ती तिथंच ठेवली आणि ती परत गेली.

सुकदेव राहिला तेवढे दिवस राहिला. वनानं सपाट केलेल्या तुकड्यावरून दोघं एकदा चालत गेले. "हाई कसाले?" सुकदेवनं विचारलं. "उडीद पेरसू," वना म्हणाला. सुकदेवनं मान हलवली. त्याला कळलं होतं. पण तिकडे बायको होती, मुलगा शाळेत होता, बॉयलर होता. माणूस तिकडच्या संसारात मुळासकट रुजला होता, त्यात कुणाचा दोष नव्हता.

मगन त्याला न्यायला आला तेव्हा वना ट्रकपाशी घुटमळत राहिला. सुकदेव केबिनमध्ये चढून बसला, मगननं गाडी चालू केली, तरी तो दार सोडीना. शेवटी खाली पाहून म्हणाला, "पुढला वरीसले... बूच कशानं लावू?"

सुकदेवनं त्याच्या हातावर हात ठेवला. "ट्यूबनंच लाव," तो म्हणाला. "दुसरी ते माले ओळखावनार नही."

या वेळी पुढल्या मोहाचा वायदा कुणी केला नाही.

पुढच्या चैत्रात फुलं पडली. धार आली. वनानं या खेपेला दोन बाटल्या भरल्या. सायकलची ट्यूब कापली, दोन्ही बुचांना गुंडाळली, दोन्हींवर तार आवळली. यशोदाबाई पाहत होती. तिनं विचारलं नाही, दोन डब्यांपुरतं पीठ दळून दिलं. एक डबा मगननं नेला. दुसरा वनानं छपरावर चढवला, पत्र्याच्या उन्हात, आणि येता-जाता काठीनं हलवत राहिला, रस्त्यावर गाडी हलवते तसा. उखर्डू आबानं खालून विचारलं, "वना, पिठाला ऊन देतोस की काय?" वना म्हणाला, "हां."

मगनला हावड्याला सुकदेवकडे पोचायला जेवढे दिवस लागतात तेवढे त्यानं जाऊ दिले. मग एका संध्याकाळी डबा उतरवला, पिठातून बाटली काढली आणि झाडाखाली आपल्या जागी बसला. बुरकुंडा काढला तसा रबराचा भपकारा आला. धार वाटीत ओतली. त्यानं धरतरीला थेंब दिला. मग सुकदेवच्या जागेकडे वळला, वाटी उचलली आणि ती घाणेरडी, पिवळट, सायकलच्या ट्यूबसारखी लागणारी पहिली धार डोळे मिटून एका घोटात प्याला. थुंकला नाही. ती घशाखाली जाईपर्यंत तसाच बसून राहिला.

"पोचनी," तो म्हणाला.